काटकसर कोणाच्या ताटातून?

काटकसर हा शब्द आपल्या घरांत रोज उच्चारला जातो. पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळून गेल्या आहेत. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'किफायत' म्हणजे हाताशी आहे त्याचा पुरेपूर उपयोग करणे, आणि 'पेट काटना' म्हणजे आपल्या तोंडचा घास कमी करणे. मराठीतही 'पोटाला चिमटा घेणे' आहेच. परंतु बोलताना आपण दोन्हींना काटकसरच म्हणतो, आणि मग कोणत्या घरात नेमके काय चालले आहे हे कळेनासे होते. 'आईने काटकसर करून आम्हांला शिकविले' हे वाक्य मुलांच्या निबंधांत दर वर्षी येते. त्या माउलीने काय वाचविले, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच निघते. तिने जे वाचविले ते तिच्याच ताटातले होते.

आपल्या भागात अजूनही पुष्कळ घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुले, आणि शेवटी घरची बाई. पातेल्यात भाजी उरली तर तिची. नाही तर भाकरी, शेंगांची चटणी आणि आमटीचे वरचे पाणी. त्याला कोणी उपास म्हणत नाही, कारण भाकरी पोटभर असते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कर्नाटकातही हे प्रमाण निम्म्याच्या जवळ आहे. रक्तक्षयाला जंत, लहान वयातील लग्न, लागोपाठची बाळंतपणे अशी इतरही कारणे आहेत, हे आम्ही जाणतो. तरीही रोजच्या ताटात हिरवे काय आहे, हा प्रश्न त्यात येतोच. प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभ्या असलेल्या मुली चक्कर येऊन खाली बसतात, ते प्रत्येक शाळेतल्या शिक्षकांनी पाहिलेले असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ताटातून काढून घेणारी काटकसर आता पुरे झाली. ताटात भर घालणारी काटकसर आपण शिकली पाहिजे. तिची जागा घराच्या मागे आहे, परसात. गावातील वडीलधाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. पण आमच्या वर्गातील मुलांना परस म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मुलांनो, जुन्या घराला पुढे ओसरी आणि मागे परस असे. न्हाणीचे पाणी चर काढून केळीच्या आळ्यात सोडलेले असे. त्याच्या कडेला अळू. भिंतीशी शेवगा, एक कढीपत्ता. तुराट्यांच्या कुडावर दोडका किंवा कारले चढलेले, आणि गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल. कोपऱ्यात उकिरडा, त्यात चुलीची राख, शेण, पालापाचोळा. या सगळ्याला वेगळे पाणी लागत नसे आणि वेगळी जागाही लागत नसे. पावसाळ्यात न पेरताच घोळ, तांदुळजा, तरोटा उगवून येई आणि त्याची भाजी होई. अंबाडी शेताच्या कडेला असायचीच. आपले कानडी शेजारी तिला पुंडी म्हणतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर पुंडीपल्ल्या न खाल्लेला माणूस या तालुक्यात सापडणे कठीण.

घरातही हाच हिशेब चाले. जुन्या धोतराचे आणि लुगड्याचे थर घालून कौदी शिवायची. कौदी विरली की तिचे पोतेरे. तुरीचे दाणे घरात, भुसा जनावरांना, तुराट्या कुडाला, मांडवाला आणि चुलीला. जास्तीची भाकरी कडक करून ठेवायची, म्हणजे प्रवासाला आणि शेताला आठवडाभर चालते. उन्हाळ्यात कोहळ्याचे सांडगे, पापड, कुरडया. पावसाळ्यात भाजी महाग झाली की तेच कामाला येई. वेळ अमावस्येला शेतात जाऊन आपण जी भज्जी करतो, ती तर याचा उत्तम नमुना. मार्गशीर्षात शेतात आणि परसात जे काही ओले, कोवळे, हिरवे मिळेल ते एकाच भांड्यात: तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगे. सोबत उंडे आणि आंबील. त्या दिवशी आलेल्या-गेलेल्यालाही बोलावून जेवू घालतात आणि घरच्या बाईलाही पोटभर मिळते. एका दिवसासाठी का होईना, काटकसर आणि सुबत्ता एकाच पातेल्यात शिजते.

यावरून जुने दिवस चांगले होते असा अर्थ कोणी काढू नये. १९७२ च्या दुष्काळातून गेलेली माणसे अजून गावागावांत आहेत, त्यांना विचारावे. तेव्हा परसातला शेवगाही वाळला होता. आज रेशनवर तांदूळ मिळतो. २०१३ साली अन्नभाग्य योजना आल्यापासून कोणाच्या घरी चूल पेटली नाही असे सहसा ऐकू येत नाही, आणि ही लहान गोष्ट नव्हे. फरक एवढाच पडला की पोट भरण्याचा प्रश्न सुटत गेला आणि ताटातील हिरवे मात्र हळूहळू बाजाराकडे गेले. भात, आमटी आणि दहा रुपयांचे पाकीट, एवढ्यावर आमचे काही विद्यार्थी दिवस काढतात. पाकीट विकत घ्यायला पैसे लागतात, पण भाकरी-भाजी डब्यात आणायला धीर लागतो, असे मुलांच्या वागण्यावरून दिसते. अंबाडीची भाजी आणलेला मुलगा डब्याचे झाकण अर्धेच उघडतो.

परस कसे गेले, याला कोणी एक जबाबदार नाही. भाऊ वेगळे झाले, जागा वाटली गेली, सिमेंटची घरे झाली, मागे संडास आणि मोरी आली, उरलेल्या जागेवर फरशी बसली. फरशी बसली की न्हाणीचे पाणी गटारात जाते आणि गटार रस्त्यावर येते. मग डास होतात आणि आपण ग्रामपंचायतीला बोल लावतो. ज्या पाण्यावर पूर्वी केळीचा घड पोसला जात होता, त्याच पाण्याची आज आपण तक्रार करतो. कानडीत एक म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल'. परसातले झाड औषध नव्हे, म्हणजे घरचे आहे म्हणून त्याला किंमत नाही. शेवग्याच्या पानांची भुकटी शहरांत डबीबंद विकली जाते, आणि आपल्याकडे तोच पाला शेळीपुढे पडतो. शेळीला कळते, एवढे म्हणून पुढे जाऊ.

तुरीचेही तेच. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या काळ्या रानातली डाळ देशभर नावाजली जाते. पण तूर पिकविणाऱ्या किती घरांत घरची डाळ शिजते? सगळे पोते आडतीला जाते आणि डाळ दुकानातून पुडीने येते. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा तूर पिकविणाऱ्या गावांतही आमटी पातळ झाली. एक क्विंटल तुरीची साधारण सत्तर किलो डाळ पडते. पाच माणसांच्या घराला वर्षभर तेवढी डाळ बरीच पुरते. एक पोते घरी ठेवण्याने शेतकरी श्रीमंत होत नाही. पण भाव चढला की त्याला स्वतःचीच तूर दुप्पट दराने परत घ्यावी लागत नाही. ज्यांना राशीच्या दिवशीच सावकाराचे देणे भागवायचे असते त्यांना हे जमत नाही, हेही आम्हांला ठाऊक आहे. ज्यांना जमते त्यांनी तरी करावे.

याचे एक मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. राज्याची हद्द ओलांडली की धाराशिव जिल्हा लागतो. उमरगा, लोहारा ही आपल्या सोयरिकीची गावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भागात भूकंप झाला. त्यानंतर घरे पुन्हा उभारण्याच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून घेतले गेले. त्या कामातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. पुढे त्या भागावर दुष्काळ आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सर्वांना आठवत असेल. त्या काळात या स्त्रियांनी जो मार्ग धरला त्याला 'एक एकर मॉडेल' म्हणतात. बाईने घरातल्या माणसांकडे अर्धा-एक एकर जमीन मागायची. त्या तुकड्यात ऊस नाही, सोयाबीन नाही. भाजीपाला, कडधान्य, ज्वारी-बाजरी अशी अनेक पिके थोडी थोडी घ्यायची. खत शेणाचे आणि गांडुळांचे, बी शक्यतो घरचे, पाणी बेताचे. आधी घरात खायचे, उरेल ते विकायचे. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिक या संस्थेला मिळाले.

पारितोषिकापेक्षा आम्हांला त्यातली 'मागायची' ही क्रिया महत्त्वाची वाटते. राबणे बाईला नवे नव्हते. त्याच शेतात ती जन्मभर राबत होती. काय पेरायचे ते तिने ठरविणे, हे नवे होते. तिने ठरविले तेव्हा आधी जेवणाचे पेरले. घरात कोणती गोष्ट कमी पडते हे तिला ठाऊक असते, कारण ती कमी तिच्याच ताटात पडलेली असते. आपल्या घरी एक एकर सोडा, एक गुंठा असेल. पण तिथे काय लावायचे हे आईला किंवा आजीला ठरवू द्या. आणि पाणी मुलांनी घालावे. येथे 'मुलांनी' म्हणजे मुलग्यांनी, असे स्पष्टच लिहितो. नाही तर परसबाग म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक काम, असे होईल. तसे होणार असेल तर परसबाग न केलेली बरी.

आता थोडे कामाचे. आपली माती काळी आहे. ती पाणी धरून ठेवते, ही तिची थोरवी आणि हाच तिचा दोष. पावसाळ्यात मुळांशी पाणी साचून भाजी पिवळी पडते, आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडून मुळे तुटतात. म्हणून सपाट जमिनीत बी टाकू नये. वीतभर उंच गादीवाफा करावा, त्यात थोडी वाळू आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे. मृगाच्या सुमारास भेंडी, गवार, दोडका, कारले, भोपळा, काकडी. दसऱ्यानंतर मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर, मुळा, गाजर, वांगी, टोमॅटो. मार्चनंतर नवे काही लावू नये. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यातला एक तांब्याही भाजीला घालू नये, असे आमचे ठाम मत आहे. तेव्हा सांडपाण्यावर जगेल तेवढेच जगवावे: शेवगा, केळ, अळू, पपई, कढीपत्ता. फुटक्या घागरीचे बूड शाबूत असेल तर ती झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरावी, भरावी, वर झाकण ठेवावे. पाणी पाझरत राहते आणि तीन-चार दिवस बघावे लागत नाही.

सांडपाण्याबद्दल एक सूचना. पूर्वी भांडी राखेने घासत. आता पावडर असते. ते पाणी कोथिंबीर, मेथी, मुळा यांवर ओतू नये. फळझाडाच्या आळ्यात, मुळाशी सोडावे. ते दुसऱ्या दिवसापर्यंत साचून राहत असेल तर आळे लहान आहे असे समजून मोठे करावे.

बियांचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात. बाजारातील संकरित बियांची पहिली भाजी चांगली येते. पण तिचे बी धरून पुढच्या वर्षी लावले तर तसेच फळ येईल याचा भरवसा नाही. मग दर वर्षी पाकीट विकत आणावे लागते. जुन्या बायका वेलावरचा पहिला चांगला दोडका आणि दुधी तोडतच नसत. तो बियांसाठी वाळू देत. भोपळ्याचे बी शेणाच्या गोळ्यात घालून भिंतीवर थापत. बाकीचे राखेत घोळून गाडग्यात ठेवत. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी अशीच गावठी बियाणी गोळा करून जपली, वाटली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडे असे गाडगे असलेली आजी प्रत्येक गल्लीत एक तरी असेल. तिच्या पश्चात त्या गाडग्यात काय होते हे कोणालाच सांगता येणार नाही.

या सगळ्याने घरखर्च किती वाचतो? घरटी रोजची भाजी चाळीस रुपयांची धरली तर वर्षाचे १४,६०० रुपये होतात. पण परसबाग हा सगळा खर्च वाचविते असे सांगून आम्ही कोणाची फसवणूक करणार नाही. जागतिक आरोग्य संघटना दर माणशी रोज ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात म्हणते; पाच माणसांना दोन किलो झाल्या. परसातून रोज दोन किलो निघणे कठीण आहे. चार महिने भरपूर, चार महिने थोडे, आणि उन्हाळ्यात शेवग्याचा पाला, असे प्रत्यक्षात होते. मात्र वाचलेले पैसे आणि ताटातली भाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजी विकत आणायची असते तेव्हा पावशेर आणली जाते आणि ती वरून खाली वाटत येते. वेलावर दहा दोडके लटकत असतील तर कोणी मोजून खात नाही. शेवटी बसणाऱ्या बाईपर्यंत भाजी पोचण्याचा याहून सोपा उपाय आम्हांला माहीत नाही.

हा विषय शाळेत का, असे पालक विचारतात. 'गुरुजी, पोराला शिकायला पाठवितो, माती उकरायला नाही,' हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे आणि त्याचा राग येत नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या रानात जन्म काढला, त्यांनी मुलाच्या हातात खुरपे पाहून दचकणे स्वाभाविक आहे. शाळांमधल्या श्रमदानाचा इतिहासही तितकासा स्वच्छ नाही. झाडू कोणाच्या हाती आणि हजेरीपट कोणाच्या हाती, हे पूर्वी जात पाहून ठरत असे. म्हणून आपल्या शाळेत हे काम हजेरीच्या क्रमाने होईल. पाटलाचा मुलगा, मजुराची मुलगी, सर्व शिक्षक आणि आम्ही स्वतः त्या यादीत आहोत. शिक्षा म्हणून कोणालाही वाफ्यावर पाठविले जाणार नाही. शिक्षा म्हणून केलेल्या कामाची मुलाला जन्मभर लाज वाटते.

दुसरा आक्षेप निकालाचा. २०२५ च्या दहावीच्या निकालात कलबुर्गी जिल्हा राज्यात शेवटचा आला. अशा वेळी मुख्याध्यापक भेंडी-गवारीबद्दल लिहितात, हे काहींना पटणार नाही. पण गणिताची आणि विज्ञानाची भीती फळ्यासमोर बसून जात नाही, हेही आपण पाहतोच आहोत. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४-२००१) हे गणिताचे अध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' नावाने साध्या शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि झाडाकडे हिशेबाने पाहायला शिकविले. पानाचे क्षेत्रफळ किती, त्यावर ऊन किती वेळ पडले, त्यातून किती उत्पन्न निघाले, याची ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर नोंद ठेवायची आणि एकमेकांना सांगायची. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागू शकते, असे त्यांचे मांडणे होते. त्यांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक वरच्या वर्गांतील मुलांनी जरूर वाचावे. वाफ्याचे क्षेत्रफळ, बियांच्या उगवणीचे शेकडा प्रमाण, दर आठवड्याच्या वाढीचा आलेख, हे सर्व अभ्यासक्रमातलेच आहे. फक्त येथे उदाहरणाला देठ आणि पाने असतात.

आता सन्माननीय विश्वस्त मंडळासाठी. शाळेच्या मागे चार गुंठे मोकळी जागा आहे. तिच्यावर गाळे बांधून भाड्याने द्यावेत, अशी सूचना आली आहे आणि मे महिन्याच्या बैठकीत ती विचारात घेतली जाईल. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पावसाळ्यात तीन वर्गखोल्या गळतात, विजेचे बिल थकते, आणि वर्गणीसाठी दर वर्षी त्याच चार दारांत उभे राहावे लागते. भाड्याचे उत्पन्न नक्कीच येईल. तरीही आमचे मत त्या सूचनेच्या विरुद्ध आहे आणि ते येथे उघडपणे नोंदवितो.

कारण असे की, परसबागेचा उपदेश ज्यांना परस आहे त्यांनाच करता येतो. पटावरील पुष्कळ मुले दोन खोल्यांच्या घरात राहतात. दार उघडले की रस्ता. त्यांना आम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यात मिरची आणि पोत्यात पुदिना लावायला सांगू शकतो, आणि सांगतोही. पण तेवढ्याने भाजी होत नाही. गावात ज्यांच्याजवळ जमीन नाही त्यांच्या मुलांना 'हे माझे' म्हणून लावता येईल अशी जागा शाळेच्या मागेच आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चार गुंठ्यांचे ४,३५६ होतात. त्यातली निम्मी जागा वाटा, चर आणि झाडांसाठी सोडली तरी सहा फूट बाय चार फुटांचे नव्वद वाफे बसतात. ते वाटताना ज्यांच्या घरी परस नाही त्यांना आधी द्यावेत, आणि भाजी त्या मुलाने घरी न्यावी.

पाण्याचीही अडचण नाही. माध्यान्ह भोजनानंतर मुले जिथे हात आणि ताटे धुतात ते पाणी आज शाळेच्या दारातून वाहत जाऊन चिखल करते. दोनशे मुले आणि प्रत्येकी दोन लिटर धरले तरी रोजचे चारशे लिटर झाले. ते पाणी मागे वळविले तर कडेने शेवगा, पपई आणि केळ उभी राहील. वाफ्यांना पावसाचे आणि छपरावरून उतरणारे पाणी. 'अक्षर दासोह' योजना २००१-०२ साली सुरू झाली ती आपल्याच ईशान्य भागातील जिल्ह्यांतून. शाळेतल्या पोषणबागेसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत, म्हणजे हे आमच्या डोक्यातले खूळ नव्हे. सांबारात आपल्या शेवग्याच्या शेंगा पडल्या तर मुले पानातले टाकणार नाहीत, असे स्वयंपाक करणाऱ्या बायांचेही म्हणणे आहे.

गाळे बांधायचेच असतील तर रस्त्याच्या अंगाला, जुन्या कुंपणालगत दोन बांधता येतील. भाडे कमी येईल, पण मागची जमीन उघडी राहील. एकदा काँक्रीट पडले की ते उकरून कोणी पुन्हा वाफे करीत नाही. आम्ही तीन वर्षे मागत आहोत. तीन वर्षांत वाफ्यांत गवत माजले आणि मुले कंटाळली तर मंडळाने खुशाल गाळे बांधावेत. तेव्हा आम्ही विरोध करणार नाही. गेल्या काही वर्षांत २०२३ चा दुष्काळ आणि २०२५ ची अतिवृष्टी, दोन्ही आपण पाहिली. शेत बुडाले किंवा वाळले तर पुढच्या पिकापर्यंत घर कशावर चालवायचे हे ज्या घराला थोडेफार ठाऊक असते, ते लवकर सावरते. ते शिकविण्यासाठी चार गुंठे ही फार मोठी मागणी आहे असे आम्हांला वाटत नाही.

पालकहो, मेच्या बैठकीआधी आपले मत, मग ते आमच्या विरुद्ध का असेना, कार्यालयात लेखी द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलाकडून लिहून घ्यावे. सही नसेल तर अंगठा चालेल. आणि मुलांनो, जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा येताना प्रत्येकाने घरच्या, शेजारच्या किंवा आजोळच्या बियांची एक पुडी आणायची आहे. दोडका, भोपळा, गवार, अंबाडी, काहीही चालेल. विकत आणलेले पाकीट नको. पुडीवर भाजीचे नाव, गाव आणि ते बी कोणी ठेवले होते त्यांचे नाव लिहावे. आजीने ठेवले असेल तर आजीचे संपूर्ण नाव लिहावे. ते ठाऊक नसेल तर सुट्टी आहे तोवर विचारून घ्यावे.